माती ओली आहे तोवर सांगा

गेल्या अंकात ब्राँझ आणि दगडातल्या शिल्पांबद्दल काय विचारायचं ते विचारा म्हटलं होतं, तर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप असं मिळून इतकं आलं की एका पानात सगळ्यांना पुरं पडणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत. बऱ्याच जणांनी नाव नको म्हणून लिहिलंय, म्हणून सगळ्यांचंच फक्त गाव टाकलंय.

ठाणे : आमच्या शाळेला पंचाहत्तर वर्षं होतायत, संस्थापक सरांचा अर्धपुतळा बसवायचा ठरलाय. तीन ठिकाणांहून कोटेशन आलं, तिन्हीत जमीन-अस्मानाचा फरक. एक जण महिन्यात देतो म्हणतो, एक पाच महिने मागतो. कुणाचं खरं मानायचं? आणि ब्राँझचा म्हणजे नक्की किती ब्राँझ असतं त्यात?

सर, आधी त्या महिन्यावाल्याबद्दल. महिन्यात पुतळा होत नाही असं नाही, पण मग त्यात मातीकामाला आठ दिवस मिळतात आणि पुतळा खरा घडतो तो मातीतच, पुढचं सगळं म्हणजे ती माती जशीच्या तशी दुसऱ्या वस्तूत उतरवणं. मी स्वतः अर्धपुतळ्याच्या मातीला दीड महिना घेते. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्याला लाकडाच्या फुल्या टांगायच्या म्हणजे माती घसरत नाही, त्यावर शाडू चढवायची, रोज ओल्या फडक्यात आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची. मे महिन्यात एक दिवस पाणी मारायचं राहिलं की कानाजवळ भेग पडते, आणि जुलैत उलट, वाळतच नाही.

बहुतेक वेळा माझ्याकडे फोटो येतो एकच, समोरून काढलेला, पासपोर्टवाला. कान मागून कसे होते, मान किती पुढे होती, हे त्यात कुठून दिसणार? म्हणून माती ओली असताना माणसं बोलवा. एकदा एका शाळेची कमिटी आली होती, सगळे छान झालंय म्हणाले, चहा झाला, निघाले, आणि त्यांच्याबरोबर आलेले शाळेचे जुने शिपाईकाका दारात थांबून म्हणाले, ताई, सर असे ताठ कधी बसायचेच नाहीत, डावा खांदा नेहमी खाली असायचा त्यांचा, बॅग उचलून उचलून. मी तासाभरात तो खांदा उतरवला आणि माणूस समोर आला अक्षरशः, सरांच्या मुलीने ओळखलं, रडली ती. हीच गोष्ट ब्राँझ ओतल्यावर कळली असती तर काही म्हणजे काही करता आलं नसतं. तेव्हा तुमच्या करारात तारखा घाला पण त्यात "माती पाहणी" किमान दोनदा घाला, आणि पाहायला फक्त पदाधिकारी नेऊ नका, सरांच्या घरचं कुणी, जुना शिपाई, जुना विद्यार्थी असे न्या.

मातीनंतर काय होतं ते थोडक्यात सांगते म्हणजे कोटेशन वाचता येईल. मातीवर सिलिकॉन रबरचा थर, वर पीओपीचं किंवा फायबरचं कवच, ही झाली डाय. त्यात आतून मेण लावायचं, पाच-सहा मिलिमीटर जाड. मेणाची पोकळ प्रतिकृती बाहेर आली की तिच्यावरचे शिवण, बुडबुडे साफ करायचे (हे काम घाईत केलं की सगळं ब्राँझमध्ये छिन्नीने भोगावं लागतं), मग धातू आत जायला आणि हवा बाहेर पडायला मेणाच्याच नळ्या जोडायच्या, आतला गाभा भरायचा, बाहेरून वीटभुकटी आणि प्लास्टरचं जाड आवरण. हे सगळं भट्टीत सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापवत न्यायचं, मेण वितळून जळून जातं आणि त्याची जागा रिकामी राहते, त्या रिकाम्या जागेत अकराशे अंशांच्या वर तापलेलं ब्राँझ ओतायचं. साच्यात ओल राहिली तर धातू उसळतो, भाजतात माणसं, म्हणून पावसाळ्यात भट्टी जास्त दिवस चालवावी लागते, तिथे घाई करायला लावू नका कुणाला. शेवटी आवरण फोडायचं, नळ्या कापायच्या, जोड वेल्ड करायचे, छिन्नी आणि ग्राइंडरने पोत जुळवायचा, मग रंग म्हणजे पॅटिना.

किती ब्राँझ? हिशोब सोपा आहे. ब्राँझ एका घनसेंटिमीटरला पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे एक चौरस मीटरचा सहा मिलिमीटर जाड पत्रा धरला तर त्रेपन्न किलोच्या जवळ. खांद्यापर्यंतच्या अर्धपुतळ्याचा पृष्ठभाग साधारण ०.६ ते ०.७ चौरस मीटर धरा, म्हणजे तीस ते चाळीस किलो. कुणी पंधरा किलोत देतो म्हणाला तर पत्रा तरी फार पातळ आहे नाहीतर ते ब्राँझ नाही. कोटेशनमध्ये "ब्राँझ फिनिश" असा शब्द असेल तर ते फायबर असतं, वरून रंग, फायबर वाईट नाही पण मग भाव ब्राँझचा लावू नये. लोहचुंबकाने काही कळत नाही, तो ब्राँझलाही चिकटत नाही, पितळेलाही नाही आणि फायबरलाही नाही. मिश्रण लिहून घ्या, ८५-५-५-५ हे आमच्याकडे नेहमीचं, म्हणजे तांबं पंच्याऐंशी टक्के आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी पाच, आणि लॅबचा रिपोर्ट मागा. डिलिव्हरी घेताना वजनकाट्यावर ठेवा.

परवानगीचं विसरू नका. सार्वजनिक जागी पुतळा उभारायचा तर राज्य सरकारच्या नियमांप्रमाणे क्ले मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते, आणि रस्ते, फुटपाथ असल्या जागांवर नव्याने पुतळ्यांना परवानगी देऊ नये असा सुप्रीम कोर्टाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. तुमचा शाळेच्या आवारात आहे, तरी जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारून घ्या, पुतळा झाल्यावर नको.

गोरेगाव : ताई, मुलगी दहावीत आहे, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड. तिला शिल्पकला करायचीय. घरातले म्हणतात दगड फोडायचं काम पोरीला झेपणार नाही आणि पोटही भरणार नाही. काय करू?

झेपतं हो. मी तीस वर्षं करतेय. वजन उचलायला चेनब्लॉक असतो, क्रेन असते, पुरुषसुद्धा दोनशे किलोचा दगड हाताने उचलत नाहीत. टाकी आणि हातोडीचं काम जोराचं कमी आणि तालाचं जास्त, मनगट सैल ठेवून एकाच लयीत मारता आलं पाहिजे, ज्याला दणके मारायचेत त्याचा खांदा दोन वर्षांत जातो. आपल्या बायका पाटा-वरवंटा टाकवून घ्यायच्या तेव्हा टाकी लावायला येणाऱ्या बायकाच तर असायच्या कितीदा, त्यांच्या मनगटाकडे मी लहानपणी तासन् तास बघत बसायचे.

भीती घालायची तर खऱ्या गोष्टीची घाला, धुळीची. ग्रॅनाइट, वालुकाश्म यांच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसली की निघत नाही, सिलिकोसिस होतो. पाणी मारत कापायचं, चांगला मास्क लावायचा, रुमाल बांधून भागत नाही. ओतकामात जस्ताचा धूर असतो, त्याने रात्री थंडी वाजून ताप येतो. तिला पहिल्या दिवसापासून ही शिस्त लागू द्या, आमच्या पिढीला ती कुणी लावली नाही आणि आमच्या गाळ्यातले दोन कारागीर आता दहा पावलं चालले तरी धापा टाकतात.

पोटाचं खरं सांगते. पैसे येतात ते एकदम येतात आणि मग आठ महिने येत नाहीत. पुतळ्याचं काम मिळालं की त्यातला मोठा भाग धातू, भट्टी आणि मजुरीत जातो. सुरुवातीची पाच-सात वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली, गणपतीच्या कारखान्यात, सिनेमाच्या सेटवर, शिकवण्या असं करत निघतात. हे माहीत असून ती करायचं म्हणत असेल तर अडवू नका.

आणि मुंबईत राहून अडवणं तर फारच वाईट. जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून आपल्याकडे आहे, १८६५ मध्ये लॉकवूड किपलिंग तिथे शिकवायला आले, क्रॉफर्ड मार्केटवरची उठावशिल्पं त्यांची. याच जे.जे.मध्ये गणपतराव म्हात्रे या कोवळ्या पोराने "मंदिरपथगामिनी" केली, नऊवारीतली पूजेला निघालेली मुलगी, प्लास्टरमध्ये, आणि तोवर पाश्चात्त्य देवतांच्या नकला काढणाऱ्यांना कळलं की आपल्या घरातली पोरसुद्धा शिल्पाचा विषय असते. अलिबागजवळच्या सासवन्याचे विनायकराव करमरकर गावातल्या भिंतीवर चित्र काढत होते, ते तिथल्या कलेक्टरने, ऑटो रॉथफील्डने पाहिलं म्हणून जे.जे.त पोचले. राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, सुताराच्या घरातले. या सगळ्यांना कुणीतरी एकाने वेळेवर जा म्हटलं होतं.

या मे महिन्यात तिला पेणला किंवा परळ-लालबागच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात महिनाभर शाडूत हात घालू द्या. महिन्यानंतरही सकाळी उठून तीच निघाली तर समजा.

दादर : घोड्याचा एक पाय वर असेल तर स्वार जखमांमुळे वारला, दोन्ही वर असतील तर रणांगणात पडला, चारही जमिनीवर असतील तर नैसर्गिक मृत्यू, असा मेसेज दर शिवजयंतीला येतो. खरं आहे का?

नाही. असा कुठलाही नियम आम्हाला कुणी शिकवला नाही आणि कुठल्या कामाच्या करारात मी पाहिलेला नाही. साधा विचार करा, महाराजांचं निधन १६८० मध्ये रायगडावर आजारपणात झालं, आणि महाराष्ट्रात महाराजांचे अश्वारूढ पुतळे एक पाय वर, दोन पाय वर, चारही खाली असे सगळ्या प्रकारचे आहेत. मग त्यातले कितीतरी खोटे ठरतील का?

पाय ठरतो वजनावर. दोन्ही पुढचे पाय वर घेतले की सगळा भार मागच्या दोन पायांवर येतो आणि ते घोट्यापाशी किती बारीक असतात बघा, तिथे आत पोलाद घालून ते चौथऱ्यात खोल न्यावं लागतं, बरेचदा शेपटी जमिनीला टेकवून तिसरा आधार करतात. माद्रिदसाठी पिएत्रो ताक्का या इटालियन शिल्पकाराने १६४० च्या सुमारास दोन पायांवरचा मोठा घोडा केला तर त्यासाठी गॅलिलिओचा सल्ला घेतला होता असं सांगतात.

याच पत्राला जोडून दोघांनी विचारलंय की मालवणला राजकोट किल्ल्यावरचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, तर ब्राँझ इतकं कच्चं असतं का. त्या पुतळ्याच्या आतलं मी पाहिलेलं नाही, म्हणून त्याबद्दल बोलत नाही. एरवीचं सांगते, ब्राँझ शेकडो वर्षं टिकतं, झिजतो तो आतला सांगाडा. साधं लोखंड आणि ब्राँझ एकमेकांना टेकलेले, त्यात खारं पाणी गेलं की बॅटरीसारखं होतं आणि लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. म्हणून समुद्राकाठी आत स्टेनलेस स्टील, तेही ३१६ ग्रेडचं, पाणी बाहेर पडायला खाली भोकं, आणि वर्षातून एकदा आत शिरून बघायला झडप. मोठ्या पुतळ्याला झडप ठेवा म्हटलं की लोक चेहरा वाकडा करतात, पण ठेवा.

विरार : मी अप्लाइड आर्टला आहे. आता स्कॅन करून थ्रीडी प्रिंट, सीएनसी (संगणकावर चालणारं कापायचं मशीन) सगळं होतं, मग चार-चार महिने माती कालवायची गरज काय?

अरे, मी पण वापरते. दीड फुटी मॉडेल स्कॅन करायचं, थर्मोकोलचे तुकडे मशीनवर कापून आणायचे, जोडायचे, वर मातीचा थर द्यायचा. पूर्वी हेच पॉइंटिंग मशीनने एकेक बिंदू मोजत व्हायचं, कमरेचं कडबोळं व्हायचं. मशीनबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण मशीन जसंच्या तसं मोठं करतं आणि गोची तिथेच आहे. बारा फुटी पुतळा दहा फुटी चौथऱ्यावर गेला की तू त्याला खालून बघणार. खालून हनुवटी पुढे येते, कपाळ पळतं, डोळे पापणीत जातात, डोकं लहान दिसतं, पाय मोठे. म्हणून डोकं मुद्दाम थोडं मोठं घ्यायचं, चेहरा किंचित खाली झुकवायचा, डोळ्यांच्या खाचा जास्त खोल करायच्या म्हणजे दुपारच्या उन्हातही सावली पडेल. हे किती करायचं याचं कोष्टक नाही. मी गाळ्याच्या बाहेर रस्त्यापलीकडे जाऊन बघते, जमिनीवर झोपून बघते, रात्री एकच बल्ब लावून बघते, परत येऊन मातीत बोट घालते. सरदार पटेलांच्या १८२ मीटरच्या पुतळ्याच्या चेहऱ्यालाही कुणीतरी असंच बघत बसावं लागतं. तुझ्याकडे सॉफ्टवेअर आहे ना, मग मॉडेल कर, पण कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवून बघ, आणि एकदा तरी तेच डोकं मातीत कर. हाताला काय कळतं ते तुझं तुलाच दिसेल.

माहीम : दगडात चूक झाली तर काय करता? आणि आपल्या काळ्या दगडात मूर्ती का करत नाहीत हल्ली, सगळं संगमरवरात?

दगडात चूक झाली की मूर्ती लहान होते. नाक गेलं तर सगळा चेहरा अर्धा इंच मागे न्यायचा, दुसरा उपाय नाही, चिकटवलेलं नाक पुढेमागे दिसतंच. म्हणून दगड घेतानाच टाकीने वाजवून बघायचा, खणखणीत वाजला तर आत सलग आहे, बोदा आवाज आला तर आत तडा.

आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. फार चिवट. टाकीचं टोक दिवसातून कितीदा बसतं आणि परत भट्टीत घालून टोकदार करून घ्यावं लागतं, म्हणून मजुरी वाढते आणि गिऱ्हाईक संगमरवराकडे जातं. शिवाय संगमरवर थोडा उजेड आत घेतो, त्यामुळे कातडी मऊ वाटते. शिर्डीची साईबाबांची मूर्ती बघा, बाळाजी वसंत तालीम यांनी इटालियन संगमरवरात केलेली, १९५४ मध्ये बसवली, गुडघ्यावर टाकलेल्या पायाचं कापड किती सैल वाटतं. बेसॉल्टमध्ये हे मिळत नाही, बेसॉल्ट उजेड गिळतो, तिथे मोठे आकार लागतात.

आणि ते मोठे आकार कसे करायचे ते घारापुरीला करून ठेवलंय. सदाशिवाचे ते तीन चेहरे, जवळजवळ वीस फूट उंच, डोंगरातून आत आत जात काढलेले, एक कणही वरून लावलेला नाही. खालचा ओठ बघा मधल्या चेहऱ्याचा. मी दर वर्षी पावसाळा संपला की जाते आणि दर वेळी वाटतं की त्या ओठापाशी ज्याने टाकी थांबवली त्याला कुठे थांबायचं ते कसं कळलं असेल, कारण तिथे आणखी एक घाव म्हणजे गेलंच सगळं. सकाळच्या पहिल्या बोटीने जा, उजेड चांगला असतो आणि गर्दी नसते.

मुलुंड : मुलांना रविवारी शिल्पं दाखवायचीत, फुकटात. कुठे नेऊ?

गेटवेपासून सुरू करा, महाराजांचा अश्वारूढ पुतळा, सदाशिव उर्फ भाऊ साठ्यांचा, १९६१ चा. मुलांना मागून आणि बाजूने बघायला लावा, समोरून सगळेच बघतात. काळाघोड्याला आता बिनस्वाराचा घोडा आहे, २०१७ पासून, श्रीहरी भोसलेंनी केलेला, आणि मूळचा, राजा सातव्या एडवर्डसकटचा घोडा राणीच्या बागेत, तिथेही न्या म्हणजे दोन घोडे ताडून बघता येतील. फोर्टात न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या इमारतीवर मान वर करून बघायचं, ना. ग. पानसऱ्यांच्या उंचच उंच माणसांकडे. संध्याकाळी गिरगाव चौपाटीला टिळकांचा पुतळा, र. कृ. फडक्यांचा.

वेळ असला तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला बोट घ्या आणि सासवन्याला करमरकरांच्या घरी जा, तिकडे अंगणात सिमेंटची म्हैस बसलीय. सिमेंटची! मुलं हात लावल्याशिवाय राहत नाहीत.

कुलाबा : आजोबांचा ब्राँझचा अर्धपुतळा गच्चीत आहे. घरकामाच्या मावशींनी चिंच आणि मीठ लावून चकाचक केला, आता ठिकठिकाणी हिरवट डाग आलेत. परत घासू का?

नका घासू, आजी. तो जो काळपट तपकिरी रंग होता तो मळ नव्हता, तो पॅटिना, पुतळा गरम करून रसायनं मारून मुद्दाम आणलेला, आणि तोच खालच्या धातूला सांभाळतो. मावशींचा दोष नाही, घरातली तांब्या-पितळेची भांडी तशीच घासतात, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण मीठ मात्र वाईट. डाग बोटाने चोळून बघा. घट्ट असेल आणि निघत नसेल तर तो नुसता गंज, घाबरू नका. फिकट हिरवी पावडर हाताला लागत असेल आणि पुसल्यावर चार दिवसांनी तिथेच परत येत असेल तर मिठातलं क्लोराइड आत शिरलंय, ते धातू खात राहतं, मग घरी काही करू नका, धातूच्या वस्तूंचं जतन करणाऱ्या माणसाला दाखवा.

नुसता गंज असेल तर डिस्टिल्ड पाणी आणि अगदी थोडा सौम्य साबण, मऊ ब्रशने, मग स्वच्छ पाणी, आणि पूर्ण कोरडा होऊ द्या, कानाच्या मागे आणि कॉलरच्या खाचेत पाणी राहतं तिथे कापूस घालून टिपा. रंग परत हवा असेल तर ज्याने पुतळा केला त्याच्याकडे किंवा एखाद्या ओतकामाच्या कारखान्यात न्यावा लागेल. एरवी वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि पावसानंतर ऑक्टोबरात, साधं रंगहीन मेण सुती कापडाने पातळ लावा. दुपारी लावा, पुतळा उन्हाने कोमट झाला की मेण आपोआप बारीक भोकांत बसतं, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून घ्या. आणि मावशींना सोबत घेऊनच करा, पुढच्या वेळी त्या करतील.